बाजूला पडलेल्या रस्त्यावरची दुकानं

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांच्या यादीत रूट ६६ सापडत नाही. २७ जून १९८५ रोजी त्याचा क्रमांक काढून घेतला गेला, पाट्या उतरल्या आणि कागदोपत्री तो रस्ता संपला. तरीही शिकागो ते सांता मोनिका अशी आठ राज्यांतून जाणारी ती २,४४८ मैलांची वाट शोधत जर्मनीहून, जपानहून, नॉर्वेहून माणसं येतात, भाड्याने मोटारसायकली घेतात आणि दोन-तीन आठवडे त्या नसलेल्या रस्त्यावर घालवतात. जुन्या रस्त्याचा सुमारे ८५ टक्के भाग अजून गाडी नेण्यासारखा आहे, असं सांगतात. पण वाटेत पोटाला खायला, गाडीला पेट्रोल आणि रात्री पाठ टेकायला खोली मिळाली तर त्याला रस्ता म्हणायचं. एरवी वाळवंटात डांबराचे पट्टे काय कमी आहेत?

मी या वाटेवर गेलो ते ॲरिझोनातून पूर्वेकडे, टेक्ससच्या पश्चिम भागापर्यंत. गाडी मेव्हण्याची. तो फीनिक्सला असतो, आणि अमेरिकेत राहणाऱ्या बहुतेकांसारखा त्याचा इंटरस्टेटवर, म्हणजे राज्याराज्यांतून जाणाऱ्या वेगवान महामार्गांवर, गाढ विश्वास. ‘‘दाजी, आय-४० शेजारून जातोय. तेच डोंगर, तेच आकाश, आणि तासभर वाचेल,’’ असं त्याने पहिल्याच दिवशी सुनावलं. त्याचं गणित बरोबर होतं. १९५६ च्या कायद्याने आयझेनहॉवर यांनी जे महामार्गांचं जाळं विणायला घेतलं, ते याच गणितावर उभं आहे. मधे गाव नको, सिग्नल नको, वळण नको.

रूट ६६ चं गणित नेमकं उलटं होतं, आणि त्यामागे एक दुकानदार होता. सायरस एव्हरी हा ओक्लाहोमातल्या टल्सा गावचा माणूस. राष्ट्रीय महामार्गांना क्रमांक देणाऱ्या समितीत तो होता आणि गावाबाहेर त्याचा स्वतःचा पेट्रोलपंप आणि खाणावळही होती. शिकागोहून पश्चिमेला जाणारा रस्ता आपल्या राज्यातून, आपल्या गावावरून वळावा यासाठी त्याने जोर लावला. त्याला क्रमांक हवा होता ६०. केंटकीच्या गव्हर्नरांनी तो आपल्या रस्त्यासाठी मागितला, बरीच ओढाताण झाली, आणि शेवटी ३० एप्रिल १९२६ रोजी मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डहून तार गेली की ६६ चालेल. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला रस्ता अधिकृत झाला. तोही नवा बांधलेला नव्हेच. गावागावांना जोडणारे जे कच्चे-पक्के रस्ते होते तेच एकाला एक जोडले आणि त्यांना एक आकडा दिला. पूर्ण लांबी पक्की व्हायला १९३८ उजाडलं.

असा रस्ता गावाला टाळू शकत नाही. तो पेठेतूनच जातो. १९२७ साली एव्हरी आणि वाटेवरच्या व्यापाऱ्यांनी टल्सात संघटना काढली आणि रस्त्याला नाव दिलं ‘अमेरिकेचा मेन स्ट्रीट’. जाहिरातीचं नाव, पण त्यात खोटं काहीच नव्हतं. तीसच्या दशकात धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेले शेतकरी गाद्या-भांडी गाडीवर लादून याच वाटेने कॅलिफोर्नियाला निघाले, तेव्हा त्यांच्या पंक्चरांवर, उधारीवर, एका वेळच्या सूपवर ही गावं तगली. युद्धानंतर सुट्टीवर निघालेली कुटुंबं आली आणि पैसा आला.

मग इंटरस्टेट आले आणि गावांना वळसे पडले. वळशाची गंमत अशी की तो अंतराने फार लांब नसतो. ॲरिझोनातल्या सेलिगमन गावातून आय-४० जवळच आहे, मैल-दोन मैलांवर. पण इंटरस्टेटवरून उतरायला ठरावीक ठिकाणीच वाट असते आणि ७५ मैलांच्या वेगात असलेल्या माणसाला मैलभर आडवाट म्हणजे परदेश. जिथे उतारा असतो तिथे साखळी हॉटेलं, साखळी पंप जमतात. जुन्या पेठेकडे कोण वळणार? आपल्याकडे एक्सप्रेसवे झाल्यावर जुन्या घाटरस्त्यावरच्या वडेवाल्यांनी जे पाहिलं, तेच सेलिगमनच्या दुकानदारांनी चोवीस वर्षं आधी पाहिलं.

सेलिगमनमध्ये तो दिवस होता २२ सप्टेंबर १९७८. आदल्या दिवशीपर्यंत रस्ता ओलांडायला थांबावं लागे. त्या दिवशी नवा रस्ता सुरू झाला आणि गाड्या थांबल्या. कमी झाल्या असं नाही, थांबल्या. एंजल डेल्गाडियो तेव्हा गावचे न्हावी होते. १९२७ साली तिथेच जन्मलेले. वडिलांचंही केशकर्तनालय आणि पूल खेळायचं दुकान तिथलंच. मंदीत या कुटुंबाने सामान बांधून कॅलिफोर्नियाचा रस्ता धरायची तयारी केली होती, पण मुलांच्या वाद्यवृंदाला कामं मिळू लागली आणि ते राहिले. एकदा गाव सोडता सोडता राहिलेला माणूस दुसऱ्यांदा सहजी सोडत नाही, असं मला वाटतं. हे माझं अनुमान, त्यांचं म्हणणं नव्हे.

रिकाम्या रस्त्याकडे बघत काही वर्षं गेल्यावर १८ फेब्रुवारी १९८७ रोजी सेलिगमनच्या एका रेस्टॉरंटात आसपासच्या गावांतले मूठभर लोक जमले आणि ॲरिझोनाची रूट ६६ संघटना स्थापन झाली. मागणी साधी होती: सेलिगमन ते किंगमन हा तुकडा राज्याने ऐतिहासिक रस्ता म्हणून जाहीर करावा आणि पाट्या लावाव्यात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ते मान्य केलं. हळूहळू इतर राज्यांतही अशाच संघटना निघाल्या. एंजल आणि त्यांच्या पत्नी विल्मा यांनी केशकर्तनालयाचंच भेटवस्तूंचं दुकान केलं. खुर्ची मात्र हलवली नाही.

१९२७ ची संघटना आणि १९८७ ची. मधे साठ वर्षं. रस्त्याला नाव मिळवून दिलं ते दुकानदारांनी आणि नाव काढून घेतल्यावर परत मिळवलं तेही दुकानदारांनी. वारसा, इतिहास, संस्कृती हे शब्द नंतर चिकटले. आधी होता तो दुपारचा गल्ला. हे मी हिणवून म्हणत नाही. उलट मला त्यातच या सगळ्याचं बळ दिसतं. गल्ल्याची काळजी असलेला माणूस रोज सकाळी दार उघडतो. इतिहासाची काळजी असलेला रविवारी येतो.

आता सेलिगमनला गेलात तर पहिल्यांदा थोडं ओशाळल्यासारखं होतं. टूरच्या बसेस उभ्या, जुन्या गाड्यांत पुतळे बसवलेले, जिथे बघावं तिथे ढालीच्या आकारात ६६. मेव्हणा म्हणाला, ‘‘हे गाव आहे की सेट?’’ मलाही तेच वाटत होतं, पण त्याला होय म्हणायची माझी तयारी नव्हती. एंजल यांचे भाऊ हुआन यांनी १९५३ साली भंगारातल्या लाकडांतून बांधलेलं स्नो कॅप हे खाण्याचं दुकान तिथेच आहे. त्याच्या दाराला दोन मुठी आहेत, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दार उघडते त्यातली एकच. यादीत ‘चीजसकट चीजबर्गर’. नॅपकिन मागितला की वापरलेले कागद पुढे करायचे, मस्टर्ड मागितलं की बाटलीतून पिवळी दोरी गिऱ्हाइकाच्या अंगावर उडवायची, हे हुआन यांचे ठरलेले खेळ. २००४ मध्ये ते वारले. मुलांनी दुकान चालू ठेवलं, आणि खेळही. पन्नास वर्षं तोच विनोद रोज नव्याने करणं, तोही गिऱ्हाईक वैतागून निघून जाणार नाही इतक्याच मापात, याला अंगात काहीतरी लागतं.

सेटचा प्रश्न मात्र पुढेही सोबत राहिला. सेलिगमनवरून किंगमनकडे जाणाऱ्या तुकड्यावर कडेला छोट्या लाल पाट्यांची मालिका लागते. एका पाटीवर कवितेचे दोन-तीन शब्द, थोड्या अंतराने पुढचे, आणि शेवटी ‘बर्मा-शेव्ह’. दाढीच्या क्रीमच्या या जाहिराती १९२० च्या दशकापासून १९६३ पर्यंत अमेरिकेत रस्त्यारस्त्यांवर होत्या. गोची एवढीच की कंपनीने ॲरिझोनात त्या लावल्याच नव्हत्या. गाड्यांची वर्दळ कमी म्हणून राज्य वगळलं होतं. म्हणजे आज लोक थांबून ज्यांचे फोटो काढतात ती आठवण या रस्त्याची नाही, शेजारच्यांची आहे. मला आधी राग आला. मग लक्षात आलं, की मी स्वतः गाडीचा वेग कमी करून त्या पाट्या मोठ्याने वाचत होतो आणि शेवटची पाटी येईपर्यंत मेव्हणाही पुढच्या ओळीचा अंदाज बांधत होता. पाटीचं काम गाडी हळू करणं. ते ती करत होती.

गाडी हळू करायची ही कलाच या रस्त्याचा खरा धंदा. जोसेफ सिटीजवळच्या जॅक रॅबिट ट्रेडिंग पोस्टवर पिवळी पाटी आहे, ‘हे इथेच’ एवढंच सांगणारी. तिच्याआधी मैलोन् मैल सशाच्या पाट्या लावून उत्सुकता ताणलेली. मिसूरीत मेरामेक गुहांच्या लेस्टर डिल यांनी शेतकऱ्यांची धान्याची कोठारं फुकट रंगवून दिली आणि बदल्यात त्यांच्या छपरांवर गुहेची जाहिरात लिहिली. न्यू मेक्सिकोतल्या टुकमकारी गावाने ‘आज रात्री टुकमकारी, २,००० खोल्या’ असे फलक शेकडो मैल आधीपासून उभे केले.

त्या खोल्यांपैकी काही ब्लू स्वॉलो मोटेलमध्ये. हे मोटेल १९५८ साली फ्लॉइड रेडमन यांनी लिलियन यांना वाङ्‌निश्चयाची भेट म्हणून दिलं. कोणी अंगठी देतं, कोणी मोटेल. लिलियन यांनी ते १९९८ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं चालवलं. त्यातली शेवटची पंचवीसेक पतीच्या पश्चात एकटीने. प्रत्येक खोलीशेजारी गाडीला छोटं गॅरेज, गुलाबी भिंती, आणि वर निळा निऑनचा पक्षी. प्रवाशाकडे पैसे नसतील तर हे जोडपं त्याच्याजवळची एखादी वस्तू ठेवून घेई, नाहीतर तशीच खोली देई. इंटरस्टेट आल्यावर टुकमकारीत एकेक मोटेल बंद पडत गेलं, पण हे टिकलं. त्यांच्यानंतर आलेल्या मालकांनीही पक्षी विझू दिला नाही, याचं श्रेय त्यांनाही.

निऑनची पाटी राखणं किती किचकट असतं ते मी तिथे उभं राहिल्यावरच विचारात घेतलं. लाल-नारिंगी रंगाला निऑन वायू, निळ्याला आर्गन आणि किंचित पारा. काचेची नळी ज्योतीवर वाकवून अक्षर घडवायचं, हवा काढायची, वायू भरायचा, हजारो व्होल्टचा प्रवाह द्यायचा. एक गारपीट झाली की अर्धं नाव गायब. नळ्या वाकवणारे कारागीर आता मोजके. १९९९ च्या कायद्यानंतर नॅशनल पार्क सर्व्हिसने या वाटेवरच्या जुन्या वास्तूंसाठी अनुदान द्यायला सुरुवात केली, आणि त्यातून बऱ्याच पाट्या पुन्हा पेटल्या. पण अट होती की जितकं अनुदान तितकाच वाटा मालकाने उचलायचा. बारा खोल्यांच्या मोटेलवाल्याला तो वाटा म्हणजे एखाद्या हंगामाची कमाई. म्हणून एलईडीची नक्कल लावणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. फक्त तिच्याकडे फार वेळ बघवत नाही.

होलब्रुकचं विगवॅम मोटेल ही आणखी एक तऱ्हा. काँक्रीटचे पंधरा तंबू, प्रत्येक तंबू म्हणजे एक खोली. चेस्टर लुइस यांनी ते १९५० साली बांधलं. या आराखड्याचे हक्क केंटकीच्या फ्रँक रेडफर्ड यांच्याकडे होते, आणि त्यांना मोबदला द्यायची रीत अफलातून ठरली. खोल्यांत नाणं टाकून चालणारे रेडिओ बसवायचे. अर्ध्या तासाला एक डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, ते सगळे रेडफर्ड यांना. वळसा पडल्यावर लुइस यांनी १९७४ मध्ये मोटेल बंद केलं. ते गेल्यावर पत्नी आणि मुलांनी डागडुजी करून १९८८ साली पुन्हा उघडलं. तंबूंच्या ओळीत जुन्या गाड्या उभ्या करून ठेवल्यात, त्यांचे फोटो काढायला मेव्हणा, जो आय-४० चा भक्त, सगळ्यांत आधी उतरला.

असेच तंबू कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोलाही आहेत. ते मोडकळीला आले होते. २००३ साली एका पटेल कुटुंबाने घेतले आणि नीट केले. रूट ६६ च्या गोष्टीतलं हे पान भारतीय वाचकाला पहिल्यांदा दिसायला हवं, पण फोटोंमध्ये ते दिसत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात मोटेलं कवडीमोलाने विकायला निघाली, तेव्हा ती घेणाऱ्यांत गुजराती कुटुंबं मोठ्या संख्येने होती. राहायला जागा आणि धंदा एकाच छताखाली, नोकर न ठेवता घरच्यांनीच चादरी धुवायच्या, मुलांनी शाळेतून येऊन काउंटरवर बसायचं. त्या काळी काही शेजारच्या मालकांनी ‘अमेरिकन ओन्ड’ अशा पाट्या लावल्या. याचा अर्थ काय ते कोणाला समजावून सांगावं लागत नसे.

न्यू मेक्सिकोत आम्ही अशाच एका मोटेलात उतरलो. ऑफिसच्या मागच्या खोलीतून मोहरीच्या फोडणीचा वास आला आणि मेव्हण्याने माझ्याकडे बघितलं. काउंटरवरच्या काकींनी पासपोर्ट पाहून ‘‘महाराष्ट्र?’’ विचारलं आणि पुढचं सगळं हिंदीत. जुन्या पाटीबद्दल मी कौतुकाने बोलायला लागलो तर म्हणाल्या, ती पाटी काढून टाकायचा विचार होता, विजेचं बिल फार यायचं. एकदा एक जर्मन माणूस खोली न घेता नुसता पाटीचा फोटो काढायला उतरला, दोन तास रेंगाळला आणि शेवटी राहिला. तेव्हापासून पाटी ठेवली. मुलगा ह्यूस्टनला नोकरीला आहे, त्याला मोटेल नको आहे. ‘‘उसका भी सही है भाई, संडे कभी देखा ही नहीं हमने,’’ एवढं बोलून त्या टॉवेल मोजायला लागल्या.

ज्यांना हे सगळं गोड आठवणींचं वाटतं त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पन्नासच्या दशकातला मोकळा रस्ता सगळ्यांना मोकळा नव्हता. वाटेवरच्या कित्येक गावांत सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांना थांबायला मज्जाव होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून एक मार्गदर्शिका छापली, कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल याची. ती साठच्या दशकापर्यंत निघत राहिली. ओक्लाहोमात लूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा दगडी पेट्रोलपंप होता, मालक कृष्णवर्णीय. तिथे थांबणाऱ्याला निदान शौचालय वापरू देतील की नाही याची चिंता नसे. ती इमारत अजून आहे आणि त्याच कुटुंबातली माणसं ती जपायची खटपट करत आहेत. निऑनच्या पक्ष्याइतकीच गर्दी तिथे व्हायला हवी, होत नाही.

प्रत्येकाने वळशाला सारखंच उत्तर दिलं असंही नाही. टेक्ससमधल्या अमरिलोचं बिग टेक्सन हे रेस्टॉरंट १९६० साली रूट ६६ वर सुरू झालं. ७२ औंसांचं, म्हणजे दोन किलोंचं स्टेक सोबतच्या पदार्थांसकट तासाभरात संपवलं तर फुकट, ही त्यांची ख्याती. इंटरस्टेट आल्यावर मालकाने १९७० मध्ये दुकानच उचलून आय-४० च्या कडेला नेलं. कोणी त्याला निष्ठा नाही म्हणेल. मी म्हणणार नाही, त्याला घर चालवायचं होतं. टेक्सस आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवरचं ग्लेनरियो मात्र कुठेच जाऊ शकलं नाही. हे गावच सीमारेषेच्या सोयीवर उभं होतं. टेक्ससच्या बाजूला दारूबंदी, म्हणून बार न्यू मेक्सिकोत. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवर कर जास्त, म्हणून पंप टेक्ससमध्ये. सत्तरच्या दशकात इंटरस्टेट आला आणि दोन्ही बाजूंचं गिऱ्हाईक एकदमच गेलं. आम्ही तिथे उतरलो तेव्हा वाऱ्याशिवाय कोणी नव्हतं. तिथून थोडं पुढे एड्रियन. बाजूला शेतं, धान्याचे उंच सायलो, आणि एक कॅफे. शिकागो १,१३९ मैल, लॉस एंजेलिस १,१३९ मैल, अशी पाटी. नुसत्या मध्यबिंदूच्या जोरावर चाललेलं हे मिडपॉइंट कॅफे आणि तिथला ‘अग्ली क्रस्ट’ पाय, म्हणजे वेड्यावाकड्या कडांचा. मेव्हण्याने दोन खाल्ले.

ग्लेनरियो आणि एड्रियन यांच्यात फरक काय? इंटरस्टेट दोन्हीकडे सारखाच जवळ. मला वाटतं, एकीकडे कोणीतरी ओव्हन पेटवत राहिलं.

पेटवत राहणाऱ्यांचं वय होत चाललंय, ही आताची खरी अडचण. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातलं ॲम्बॉय हे अख्खं गाव २००५ साली अल्बर्ट ओकुरा नावाच्या, चिकनच्या हॉटेलांची साखळी चालवणाऱ्या गृहस्थाने ४,२५,००० डॉलरला घेतलं. तिथल्या रॉयज या पंपाची १९५९ ची उंच पाटी विझून गेली होती. ती २०१९ मध्ये पुन्हा लागली. कॅफे मात्र सुरू होऊ शकला नाही, कारण जमिनीखालचं पाणी इतकं खारं की स्वयंपाकाला चालत नाही. ओकुरा २०२३ साली वारले आणि गाव मुलाच्या हाती आलं. सगळ्यांना असा मुलगा नसतो. असला तर तो ह्यूस्टनला असतो.

२०२६ हे रस्त्याचं शंभरावं वर्ष. त्यासाठी खास आयोग नेमला गेला, भित्तिचित्रं रंगली, रोषणाई झाली. गर्दी वाढणार हे मोटेलवाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. काकींना विचारलं तर म्हणाल्या, गर्दीला खोली साफ करणारी माणसं लागतात, ती कुठून आणू?

जायचं मनात असेल तर एवढं करा. खोली शक्यतो मोटेलला थेट फोन करून ठेवा, मधल्या संकेतस्थळांचा हिस्सा मालकाच्या खिशातून जातो. हिवाळ्यात बरीच छोटी ठिकाणं बंद असतात, एड्रियनचं कॅफेही, तेव्हा आधी विचारून निघा. पाट्या चोरीला जातात म्हणून कित्येक ठिकाणी ढालीचं चिन्ह डांबरावरच रंगवलेलं असतं, नजर खाली ठेवा. ॲरिझोनात ऑटमनच्या घाटात चाळीस फुटांहून लांब वाहनांना बंदी आहे, मोठी कॅम्पर गाडी भाड्याने घेणार असाल तर हे आधी बघा. आणि त्या गावात खाणकामगारांनी मागे सोडलेल्या गाढवांची पिल्लावळ भर रस्त्यात उभी असते. ती हॉर्नला दाद देत नाहीत.